कांगारू

स्तनी वर्गाच्या शिशुधान (पिल्लू ठेवण्यासाठी मादीच्या पोटावर पिशवी असणाऱ्या) प्राण्यांपैकी मॅक्रोपोडिडी कुलातील मोठ्या आकाराच्या प्राण्यांना कांगारू म्हणतात. ऑस्ट्रेलिया, टास्मानिया, न्यू गिनी आणि त्यांच्या आसपासची काही बेटे एवढाच या कुलाचा मूळ प्रदेश आहे. कुलाच्या नावाचा अर्थ ‘मोठ्या पायांचे’ असा असून तो या प्राण्यांना अगदी साजेसा आहे. कुलात साठांहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी मोठ्यांना कांगारू, मध्यम व लहानांना वॉलबी आणि काहींना इतर स्थानिक नावे दिली जातात. परंतु हा भेद मुख्यतः आकारावर आधारलेला असून वर्गीकरणाच्या दृष्टीने त्याला फारसे महत्त्व नाही. भारतात शिशुधान प्राणी निसर्गतः मुळीच आढळत नाहीत. दक्षिण अमेरिकेतून त्या काळी उबदार असलेल्या अंटार्क्टिकामार्गे त्यांचे पूर्वज ऑस्ट्रेलियात पोहोचले, तेव्हा भारताचा भूभाग त्या खंडांपासून केव्हाच अलग झाला होता. पुढे ऑस्ट्रेलियाही तुटून एकाकी पडला आणि गवत खाणाऱ्या मोठ्या प्राण्याची जी जागा इतर खंडांत हरणे, गवे व रानमेंढ्या यांनी घेतली ती येथे कांगारूंनी घेतली. कांगारूच्या शरीरातील आणि सवयींतील ज्या गोष्टी परक्या नजरेला विलक्षण वाटतात, त्यांपैकी बहुतेकांचा उलगडा ऑस्ट्रेलियाच्या बेभरवशाच्या पावसाकडे पाहिले म्हणजे होतो.

यूरोपीय लोकांपैकी या कुलातील प्राण्याचे पहिले तपशीलवार वर्णन फ्रान्सिस्को पेल्सार्ट या डच नाविकाने केले. १६२९ मध्ये त्याचे ‘बटाव्हिया’ हे जहाज पश्चिम किनाऱ्याजवळच्या बेटांवर फुटले; तेथे त्याला टॅमार जातीची वॉलबी दिसली. पिशवीतले पिल्लू स्तनाग्राला घट्ट चिकटलेले पाहून ते तेथेच उगवत असावे, असा तर्क त्याने केला. तो चुकीचा होता, पण पिल्लू इतके लहान होते की दुसरे काही सुचणे कठीणच होते. १७७० मध्ये जेम्स कुक यांचे ‘एंडेव्हर’ जहाज ईशान्य किनाऱ्यावर दुरुस्तीसाठी थांबले असता त्यांच्या माणसांनी प्रथम मोठे कांगारू पाहिले आणि मारले. तेथील गुगू यिमिदिर लोकांच्या भाषेतील ‘गंगुरू’ या शब्दावरून ‘कांगारू’ हे नाव जगभर गेले. ‘मला समजत नाही’ असा त्या शब्दाचा अर्थ होता आणि गोऱ्यांच्या प्रश्नाला मिळालेले ते उत्तर होते, ही कथा अनेक पुस्तकांत सापडते. ती रंजक असली तरी खरी नाही. १९७० नंतरच्या दशकात त्या भाषेचा पद्धतशीर अभ्यास झाला, तेव्हा हा शब्द तेथे मोठ्या कांगारूच्या एका विशिष्ट जातीसाठी वापरला जातो, हे निश्चित झाले.

मोठ्या कांगारूंमध्ये तांबडा कांगारू (ओस्फ्रँटर रूफस, पूर्वीचे नाव मॅक्रोपस रूफस) सर्वांत मोठा आहे. हा मध्य ऑस्ट्रेलियातील कोरड्या, उघड्या मैदानांत राहतो. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ८५ किग्रॅ. किंवा त्याहून थोडे अधिक भरते. मादी त्याच्या निम्म्याने किंवा त्याहूनही लहान असते. नराचा रंग विटकरी तांबडा, तर पुष्कळ भागांत मादीचा निळसर करडा असतो. पूर्वेकडील करडा कांगारू (मॅक्रोपस जायगँटियस) आणि पश्चिमेकडील करडा कांगारू (मॅक्रोपस फुलिजिनोसस) हे तुलनेने अधिक पावसाच्या, झाडीच्या प्रदेशात राहतात. उत्तरेकडील उष्ण माळरानांत अँटिलोपाइन कांगारू आणि खडकाळ डोंगराळ भागांत वॉलरू या जाती आहेत.

डोके लहान, कान मोठे व सर्व बाजूंना फिरणारे, पुढचे पाय आखूड, मागचे पाय लांब व बळकट आणि शेपटी जाड व स्नायुयुक्त अशी कांगारूची ठेवण असते. मागच्या पावलात अंगठा नसतो. चौथे बोट सर्वांत मोठे असून शरीराचा भार मुख्यतः त्यावरच पडतो. दुसरे व तिसरे बोट बारीक असून कातडीने एकत्र जखडलेले असतात. त्यांच्या जुळ्या नख्यांचा उपयोग फणीसारखा, केस विंचरण्यासाठी होतो.

चालण्याच्या व धावण्याच्या बाबतीत कांगारूला दोन अगदी भिन्न पद्धती अवलंबाव्या लागतात. जमिनीवर असताना त्याला मागचे पाय एकामागून एक असे टाकता येत नाहीत (पोहताना मात्र येतात). त्यामुळे चरताना तो पुढचे दोन पाय आणि शेपटी टेकून मागचे दोन्ही पाय एकदम पुढे ओढतो. ही चाल बेढब दिसते. शेपटी केवळ टेकू म्हणून वापरली जाते असा पूर्वी समज होता. पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांवरून असे दिसून आले की, या चालीत शरीर पुढे ढकलण्याचे जेवढे काम चारही पाय मिळून करतात तेवढे एकटी शेपटी करते. म्हणजे ती खऱ्या अर्थाने पाचवा पाय आहे.

वेग वाढला की कांगारू फक्त मागच्या पायांवर उड्या घेत जातो आणि शेपटी मागे उचलून धरून तोल सांभाळतो. ताशी २० ते २५ किमी. हा त्याचा सहज वेग होय. जिवावर बेतल्यास थोड्या अंतरापुरता तो ताशी ६० किमी.च्या आसपास जातो आणि एका उडीत ८ मी.हून अधिक अंतर ओलांडतो. १९७३ मध्ये डॉसन व टेलर या शास्त्रज्ञांनी तांबड्या कांगारूंना फिरत्या पट्ट्यावर पळवून त्यांना लागणारा ऑक्सिजन मोजला. घोडा किंवा कुत्रा यांचा वेग जसजसा वाढतो तसतसा त्यांचा ऑक्सिजनाचा खर्चही वाढत जातो. कांगारूच्या बाबतीत मात्र तो उड्या मारू लागल्यावर वेग वाढूनही खर्च जवळजवळ वाढला नाही. याचे मुख्य कारण म्हणजे घोट्यामागील लांब कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) होत. पाऊल जमिनीवर आदळताच त्या ताणल्या जातात आणि स्प्रिंगेप्रमाणे आखडताना साठलेली ऊर्जा परत देतात. शिवाय प्रत्येक उडीबरोबर पोटातील अवयव मागेपुढे हलतात आणि त्याच तालावर श्वास आत-बाहेर होतो. त्यामुळे श्वसनाच्या श्रमातही बचत होते. पुढे टॅमार वॉलबीवर केलेल्या प्रयोगांत मादीच्या पिशवीत वजन घातले असता उडीचा खर्च वाढत नाही, असेही आढळले. पाऊस कोठे पडेल याचा नेम नसलेल्या देशात, पिल्लासह लांबचे अंतर स्वस्तात कापता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

कांगारू पूर्णपणे शाकाहारी आहेत. मोठ्या जातींचे मुख्य अन्न गवत असून वॉलबींमध्ये पाने, झुडपे व फळे खाण्याकडे अधिक कल दिसतो. खालच्या जबड्यात पुढे झुकलेले दोन लांब कृंतक दात (पुढचे कापणारे दात) असतात. दाढांची व्यवस्था लक्षात घेण्यासारखी आहे. गवतातील सिलिकेमुळे दाढा झिजतात. पुढची दाढ झिजून गळून पडते आणि मागच्या दाढा जबड्यात हळूहळू पुढे सरकतात. मोठ्या कांगारूंमध्ये जबड्याच्या प्रत्येक बाजूला अशा चारच दाढा असतात. शेवटचीही झिजली की, इतर शरीर धड असूनही जनावर उपासमारीने मरते. नाबार्लेक या छोट्या खडक-वॉलबीला मात्र मागून नव्या दाढा येतच राहतात. सस्तन प्राण्यांत ही गोष्ट अतिशय दुर्मिळ आहे.

जठराचा पुढचा भाग मोठा व कप्प्याकप्प्यांचा असून त्यात सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने गवत आंबते व त्यातील तंतुमय भाग पचतो. गाय किंवा मेंढी यांच्या पचनाशी याचे साम्य आहे, पण नाते नाही. दोन वेगळ्या वंशांनी एकाच अडचणीतून काढलेला हा मार्ग आहे. कांगारू नियमितपणे रवंथ करीत नाही, मात्र कधीकधी घास तोंडात परत आणून चघळतो. त्याच्या जठरातील आंबण्याच्या क्रियेत मिथेन वायू गाई-मेंढ्यांच्या मानाने बराच कमी निर्माण होतो, म्हणून अलीकडे या सूक्ष्मजीवांचा अभ्यास विशेष आस्थेने केला जात आहे.

शिशुधान प्राण्यांचा विश्रांतीच्या काळातील ऊर्जेचा खर्च त्याच वजनाच्या इतर सस्तन प्राण्यांच्या सु. ७० टक्केच असतो. जुन्या पुस्तकांत हे त्यांच्या ‘मागासलेपणाचे’ लक्षण म्हणून सांगितलेले आढळते. वस्तुतः अन्न व पाणी यांची टंचाई नित्याचीच असलेल्या प्रदेशात कमी खर्चात जगणे हा गुणच ठरतो. उन्हाळ्यात कांगारू दिवसभर झाडाखाली पडून राहतात. पायांनी वरची तापलेली माती उकरून थंड मातीच्या खळग्यात अंग टाकतात आणि संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चरतात. ऊन फारच वाढले तर ते धापा टाकतात आणि पुढच्या पायांची आतली बाजू चाटून ओली करतात. तेथे कातडीखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. लाळ वाळताना रक्त थंड होते. मूत्र दाट करून पाणी राखण्याची क्षमताही त्यांच्या वृक्कांत (मूत्रपिंडांत) चांगली असते. गवत हिरवे असेल तर तांबडा कांगारू पाण्यावर न जाता कितीतरी दिवस काढू शकतो.

प्रजोत्पादन : कांगारूच्या जीवनक्रमातील सर्वांत नवलाचा आणि सर्वांत कसून अभ्यासला गेलेला भाग हाच आहे. मादीला दोन स्वतंत्र गर्भाशये असतात. तांबड्या कांगारूचा गर्भावधी सु. ३३ दिवसांचा, तर पूर्वेकडील करड्या कांगारूचा सु. ३६ दिवसांचा असतो. एवढ्या मोठ्या जनावराच्या मानाने तो फारच अल्प आहे आणि जन्मणारे पिल्लू त्याच मानाने चिमुकले, म्हणजे सु. २ सेंमी. लांब व एक ग्रॅमपेक्षाही कमी वजनाचे असते. त्याचे डोळे व कान बंद असतात, मागचे पाय केवळ कोंबासारखे असतात. परंतु पुढचे पाय, त्यांच्या नख्या, तोंड आणि घ्राणेंद्रिय मात्र कामापुरती तयार झालेली असतात. प्रसूतीच्या वेळी मादी बहुधा शेपटी पायांमधून पुढे घेऊन बसते. पिल्लू बाहेर पडताच पुढच्या पायांनी आईच्या केसांना धरून, पोहल्यासारखे हात मारीत, काही मिनिटांत पिशवीपर्यंत चढून जाते. आई त्याला ओठांनी उचलून पिशवीत ठेवते अशी पूर्वी समजूत होती. विसाव्या शतकात जन्माचे चित्रण झाल्यावर ती मागे पडली. मादी त्या वेळी स्वतःचे अंग चाटत असली तरी पिल्लाला मदत करीत नाही. पिशवीत चार स्तनाग्रे असतात. त्यांपैकी एक पिल्लाने तोंडात धरले की ते आत फुगते आणि पिल्लू कित्येक आठवडे त्यापासून सुटत नाही. पेल्सार्टला दिसले होते ते हेच.

इतर सस्तन प्राण्यांत जी वाढ गर्भाशयात वारेच्या (अपरेच्या) आधारे होते, तिचा मोठा भाग येथे दुधावर होतो. म्हणून दुधाची रचनाही पिल्लाच्या वयानुसार बदलत जाते; आरंभी ते पातळ व शर्करायुक्त, तर पुढे घट्ट व स्निग्ध होते. तांबड्या कांगारूचे पिल्लू सु. सहा महिन्यांचे झाले की डोके बाहेर काढून गवताला तोंड लावू लागते, मग थोडा वेळ बाहेर येते आणि घाबरले की डोक्याच्या बाजूने पिशवीत उडी घेते. सु. आठ महिन्यांनंतर मादी त्याला पिशवीत येऊ देत नाही. तरी ते आईमागे हिंडत राहते आणि पिशवीत केवळ तोंड खुपसून वर्षाचे होईपर्यंत आपल्या ठरलेल्या स्तनाग्रातून दूध पिते. या वेळी शेजारच्याच स्तनाग्राला नवे चिमुकले पिल्लू चिकटलेले असते. एकाच मादीच्या दोन शेजारच्या ग्रंथी, रक्तातील प्रवर्तके (हॉर्मोने) तीच असताना, दोन वेगळ्या प्रकारांचे दूध तयार करतात. प्रत्येक ग्रंथीवर स्थानिक नियंत्रण असल्याशिवाय हे शक्य नाही.

हे नवे पिल्लू इतके वेळेवर कसे येते, याचे उत्तर १९५० नंतरच्या दशकात जी. बी. शर्मन यांनी प्रथम क्वोका या छोट्या वॉलबीवर केलेल्या संशोधनातून मिळाले. प्रसूतीनंतर एक-दोन दिवसांतच तांबड्या कांगारूच्या मादीचा पुन्हा संयोग होतो आणि गर्भधारणा होते. परंतु हा नवा गर्भ सु. ८०–१०० कोशिकांचा, जेमतेम पाव मिलिमीटर व्यासाचा पोकळ गोल झाला की त्याची वाढ थांबते. जोपर्यंत पिशवीतले पिल्लू सतत दूध ओढीत असते, तोपर्यंत त्या उद्दीपनामुळे मादीच्या शरीरातील प्रवर्तके या गर्भाला निद्रितावस्थेत ठेवतात. पिल्लू मोठे होऊन पिण्याचे प्रमाण घटले, अथवा ते मध्येच मेले, की गर्भ जागा होऊन वाढू लागतो. पिल्लू मेल्यास सु. ३१ दिवसांनी पुढचे जन्माला येते. त्यासाठी नर शोधण्याची गरज पडत नाही. अशा रीतीने अनुकूल काळात एका मादीजवळ तीन वयांची संतती असते : एक पायाशी, एक पिशवीत आणि एक गर्भाशयात वाट पाहत.

दुष्काळात या व्यवस्थेचे खरे महत्त्व दिसते. चारा संपत आला की प्रथम पायाशी असलेले पिल्लू जाते. आईचे दूध आटू लागल्यावर पिशवीतले मरते. त्याच्या जागी निद्रित गर्भ जन्म घेतो. तो अगदी लहान असताना त्याला पुरेल एवढे थोडे दूध मादी देऊ शकते, पण मोठा होताच तोही मरतो आणि त्यानंतरचा येतो. या क्रमात मादी स्वतःचे शरीर मोठ्या प्रमाणात न झिजवता प्रत्येक वेळी थोडाच खर्च करते. दुष्काळ फार लांबला तर तिचे ऋतुचक्रच थांबते. पाऊस पडून गवत उगवले की थोड्याच आठवड्यांत ती पुन्हा माजावर येते. आणि पाऊस एखाद्या लहान पिल्लाच्या काळात आला तर तेच जगते. गाय किंवा हरिणी दुष्काळात गाभण राहिली तर तिला गर्भ पोसावाच लागतो. कांगारूच्या मादीची गुंतवणूक मात्र बहुतांशी जन्मानंतर, दुधाच्या रूपाने होते व ती केव्हाही थांबवता येते. अपुऱ्या दिवसांचे पिल्लू ही सस्तन प्राण्यांची अर्धवट राहिलेली पायरी आहे, हे एके काळचे मत आता कोणी मानीत नाही.

सर्व जातींत हा क्रम सारखा नाही. पश्चिमेकडील करड्या कांगारूत निद्रित गर्भाची अवस्था आढळत नाही. टॅमार वॉलबीत पिल्लाच्या पिण्याखेरीज दिवसाच्या लांबीचेही नियंत्रण असते. दक्षिण गोलार्धातील सर्वांत मोठा दिवस, म्हणजे २२ डिसेंबरच्या सुमाराचा, उलटून दिवस लहान होऊ लागले की गर्भ जागे होतात आणि बहुतेक पिल्ले जानेवारीच्या अखेरीस जन्मतात. दलदल-वॉलबीची मादी तर पहिले पिल्लू जन्मण्यापूर्वीच दुसऱ्या गर्भाशयात नवा गर्भ धारण करते, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवण्यात आले.

कांगारू कळपाने राहतात, पण हे कळप सैल असतात. त्यांतील जनावरे येत-जात राहतात. आई व तिची पिल्ले एवढेच नाते काहीसे टिकाऊ असते. धोका जाणवताच कांगारू मागचे पाय जमिनीवर आपटतो व त्या आवाजाने इतर सावध होऊन पळतात. माजावर आलेल्या मादीसाठी नरांच्या झुंजी होतात. दोघे नर समोरासमोर उभे राहून पुढच्या पायांनी एकमेकांच्या मानेला व खांद्यांना धरतात आणि शेपटीवर सारा भार तोलून मागच्या दोन्ही पायांनी प्रतिस्पर्ध्याच्या पोटावर लाथ हाणतात. सर्कशीत मुष्टियुद्धाचा म्हणून दाखवला जाणारा खेळ या सवयीचेच विडंबन होय. बलिष्ठ नर काही काळ आपल्या भागातील बहुतेक माद्यांवर हक्क सांगतो. डिंगो (रानकुत्रा) हा मोठ्या कांगारूंचा मुख्य शत्रू आहे. तो माणसाबरोबर काही हजार वर्षांपूर्वीच ऑस्ट्रेलियात आला. पाठलाग झालेला कांगारू जवळ पाणी असल्यास त्यात शिरून उभा राहतो आणि पोहत येणाऱ्या कुत्र्याला पुढच्या पायांनी बुडवतो. पिल्लांना पाचरशेपट्या गरुडाचेही भय असते. निसर्गात कांगारू क्वचित वीस वर्षांपर्यंत जगतो, पण बहुसंख्य पिल्ले पहिल्या दुष्काळातच दगावतात.

कुलातील इतर प्राण्यांची विविधता मोठी आहे. खडक-वॉलबींचे तळवे खरखरीत असून त्या उभ्या कड्यांवर लीलया वावरतात. वृक्ष-कांगारू (डेंड्रोलॅगस) न्यू गिनी व ईशान्य ऑस्ट्रेलियातील वर्षावनांत झाडांवर राहतात. त्यांचे पुढचे पाय बळकट, मागचे त्या मानाने आखूड असतात आणि त्यांना मागचे पाय स्वतंत्रपणे हलवता येतात. न्यू गिनीच्या उंच पर्वतांवरील डिंगिसो या वृक्ष-कांगारूची शास्त्राला ओळख १९९५ इतक्या उशिरा झाली. बेटाँग व पोटोरू हे सशाएवढे किंवा त्याहून लहान प्राणी कांगारूंच्या निकटच्या कुलात मोडतात. ते जमीन उकरून भूमिगत कवके खातात, त्यांची बीजुके सर्वत्र पसरवतात आणि उकरण्यामुळे मातीत पाणी मुरण्यास मदत करतात. नष्ट झालेल्या जातींपैकी प्रोकॉप्टोडॉन गोलाया हा आखूड तोंडाचा कांगारू २०० किग्रॅ.हून अधिक वजनाचा होता. तो सु. ४०,००० वर्षांपूर्वी, माणूस खंडावर आल्यानंतर, नाहीसा झाला. त्याला माणूस कारण की हवामान, याविषयी मतभेद आहेत.

माणूस व कांगारू : ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी हजारो वर्षांपासून कांगारूची शिकार करीत आले. मांस, कातडे व कंडरा यांचा उपयोग ते करीत आणि कोवळे गवत फुटून कांगारू चरायला यावेत म्हणून माळ पद्धतशीर जाळीत. किंबर्ली भागातील एका गुहेत कांगारूचे सु. १७,००० वर्षांपूर्वीचे चित्र आहे. त्यावरील व त्याखालील गांधीलमाशीच्या घरट्यांच्या मातीवरून त्याचे वय २०२१ मध्ये ठरवण्यात आले.

यूरोपीय वसाहतीनंतर मात्र या कुलाच्या दोन भागांचे नशीब विरुद्ध दिशांनी गेले आणि ‘कांगारू’ या एकाच शब्दामुळे ही गोष्ट सहज नजरेआड होते. मेंढपाळांनी गुरांसाठी विहिरी, कूपनलिका व तळी केली, जंगल तोडून गवताळ राने वाढवली, डिंगोंना मारले आणि आग्नेयेकडील मेंढपाळी प्रदेशाच्या रक्षणासाठी ५,००० किमी.हून लांब कुंपण घातले. याचा लाभ मोठ्या कांगारूंना झाला. त्यांची संख्या वाढलेली पाहून त्यांना उपद्रवी ठरवण्यात आले. क्वीन्सलँडमध्ये १८७७ साली शिशुधान प्राण्यांच्या नाशासाठी खास कायदा झाला आणि त्याखाली पुढील सु. पन्नास वर्षांत बक्षिसे देऊन दोन कोटींहून अधिक कांगारू-वॉलबी मारण्यात आल्या. विशेष म्हणजे याच काळात, १९०८ मध्ये, कांगारूला देशाच्या राजचिन्हावर स्थान मिळाले.

आज मोठ्या जातींची संख्या पावसानुसार कोट्यवधींनी कमी-अधिक होते. विमानातून गणना करून दरवर्षी राज्ये मारण्याचा कोटा ठरवतात. तो साधारणतः संख्येच्या १५ ते २० टक्क्यांपर्यंत असतो, पण प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी प्राणी मारले जातात. मांस व कातडे यांचा व्यापार त्यावर चालतो. या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी आग्रहाने बोलले जाते. कांगारू मेंढ्यांचा चारा फस्त करतात ही जुनी तक्रार बरीच अतिरंजित होती. अलीकडच्या मोजमापांनुसार एका कांगारूची गरज मेंढीच्या निम्म्याहूनही कमी असते आणि पाणी तर तो फारच थोडे पितो. दुसऱ्या बाजूने, मऊ पावलांचा आणि थोडा मिथेन सोडणारा हा प्राणी मेंढीपेक्षा त्या भूमीला अधिक मानवणारा आहे, म्हणून त्याचेच मांस खावे, असेही काही परिस्थितिवैज्ञानिक म्हणतात. परंतु मादी मारली की पिशवीतले पिल्लूही मारावे लागते आणि पायाशी असलेले पळून जाऊन उपाशी मरते. हा आक्षेप आकड्यांनी खोडून निघत नाही. अमेरिकेने १९७४ मध्ये तीन मोठ्या जाती संकटग्रस्तांच्या यादीत घातल्या आणि १९९५ मध्ये त्या वगळल्या. २०२३ मध्ये पादत्राणे बनवणाऱ्या काही मोठ्या कंपन्यांनी कांगारूचे कातडे वापरणे थांबवण्याचे जाहीर केले.

लहान जातींची कथा याहून दुःखद आहे आणि तिच्याकडे फारच कमी लक्ष गेले. यूरोपीयांनी आणलेली मांजरे व कोल्हे, सशांनी केलेला चाऱ्याचा नाश, गुरांनी तुडवलेली झुडपे आणि मूळ रहिवाशांची जाळण्याची पद्धत बंद पडल्याने लागणारे मोठे वणवे यांचा एकत्रित आघात मुख्यतः ३५ ग्रॅ. ते ५·५ किग्रॅ. वजनाच्या प्राण्यांवर झाला. पूर्वेकडील शश-वॉलबी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाहीशी झाली. चंद्रकोर-नखपुच्छ वॉलबी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. तूलाश या डौलदार वॉलबीचा शेवटचा ज्ञात प्राणी १९३९ मध्ये बंदिवासात मेला. वाळवंटी उंदीर-कांगारू नष्ट झाला असे मानले जात असता १९३१ मध्ये फिनलेसन यांना पुन्हा सापडला आणि चारच वर्षांनी, १९३५ नंतर, त्याची खात्रीलायक नोंद कायमची थांबली. कोल्हे त्याच सुमारास त्या भागात पोहोचले होते.

काहींच्या बाबतीत नशीब बरे निघाले. पार्मा वॉलबी संपली असे समजले जात असताना १९६५ च्या सुमारास न्यूझीलंडजवळच्या कावाऊ बेटावर, पूर्वी कोणी नेऊन सोडलेल्या वॉलबींमध्ये ती आढळली आणि त्यानंतर न्यू साउथ वेल्सच्या जंगलातही मिळाली. लगामी-नखपुच्छ वॉलबी १९७३ मध्ये क्वीन्सलँडमधील एका कुंपणे घालणाऱ्या माणसाच्या लक्षात आली. गिल्बर्टचा पोटोरू शंभराहून अधिक वर्षांनी १९९४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर पुन्हा सापडला. बिळे करून राहणारा बेटाँग मुख्य भूमीवरून नाहीसा झाला होता, पण पश्चिमेकडील काही बेटांवर कोल्हे कधी पोहोचले नाहीत म्हणून तो तेथे उरला. त्या बेटांवरून आणलेल्या जोड्या आता कुंपणांनी सुरक्षित केलेल्या राखीव क्षेत्रांत सोडल्या जात आहेत. वॉइली या दुसऱ्या बेटाँगची संख्या १९९९ नंतरच्या काही वर्षांत सु. ९० टक्क्यांनी घसरली होती. २०२१ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील यॉर्क द्वीपकल्पावर, कोल्हे व मांजरे आवरल्यानंतर, ती पुन्हा सोडण्यात आली असून तेथे तिची वीण सुरू झाली आहे.